तेलाला फुटलेली दुसरी वाट

आमच्या गावच्या फाट्यावर एका मिस्त्रीचे वर्कशॉप आहे. गेल्या वैशाखात तिथे माझे दोन दिवस गेले. शेजारच्या अण्णांनी पलटी नांगर विकत घेतला होता. नांगर कोरा करकरीत, ट्रॅक्टर मात्र जुना. हा नांगर उलटवायला जो जॅक असतो त्याला दोन नळ्या लागतात. एकीने तेल आत जाते, दुसरीने बाहेर येते. ट्रॅक्टरला बाहेर तेल देणारे तोंड एकच, तेही ट्रॉली उचलण्यापुरते. मिस्त्रीने मागे वाकून पाहिले आणि म्हणाला, "अण्णा, वॉल्व्ह वाढवावा लागंल. त्याबिगर ह्यो नांगर पलटी मारायचा नाही."

एका लोखंडी ठोकळ्याची आणि चार नळ्यांची ही गोष्ट. परंतु त्या ठोकळ्यामागे पाऊणशे-शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यात एक हट्टी आयरिश माणूस आहे, एक अब्जाधीश आहे, आणि फार मोठा गाजलेला एक खटला आहे. अण्णांची खोळंबलेली नांगरट समजून घ्यायची तर आधी तिकडे जावे लागेल.

दाबाखालचे तेल किंवा पाणी सर्व बाजूंना सारखाच दाब देते, हे पास्कलने सतराव्या शतकात दाखवून दिले होते. लहान दट्ट्यावर थोडे बळ लावून मोठ्या दट्ट्याकडून प्रचंड काम करून घेणारे यंत्र इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९५ साली पेटंट केले. गाठी दाबण्यासाठी, बंदरात माल उचलण्यासाठी ही विद्या पुढे शतकभर राबली. शेतात मात्र ती आली नाही. शेताला तिची गरज आहे, हेच कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

ते आले हॅरी फर्ग्युसनच्या. हा आयर्लंडच्या डाउन परगण्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८८४ चा. शेतीचा कंटाळा म्हणून भावाच्या गॅरेजात गेला, आणि १९०९ च्या अखेरच्या दिवशी स्वतः बांधलेले विमान उडवून आयर्लंडातला पहिला वैमानिक ठरला. पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई पडली तेव्हा, १९१७ साली, आयर्लंडच्या कृषिखात्याने ट्रॅक्टरांच्या कामावर देखरेख करण्यासाठी त्याला गावोगाव धाडले. विल्यम सँड्स हा त्याचा कुशल सहकारी बरोबर होता. तिथे या दोघांनी काय पाहिले? बैलाच्या जागी ट्रॅक्टर जुंपला होता, इतकेच. नांगर साखळदंडाने मागे ओढत न्यायचा. फाळ दगडाला अडला की चाके जमिनीला धरून राहत आणि ट्रॅक्टरचे नाक वर उचलले जाई. कित्येक चालक अशा उलटलेल्या ट्रॅक्टरखाली सापडून मेले.

आपल्याकडचा जुना नांगऱ्या आठवा. त्याचा हात रुमण्यावर असे. जमीन कठीण लागली की तो रुमणे किंचित उचली, भुसभुशीत लागली की दाबी. तास सारखा राही तो त्या हातामुळे. ट्रॅक्टर आला आणि तो हात गेला. फर्ग्युसनने तो हात यंत्राला परत दिला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. त्याने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला असा जोडला की दोघे मिळून एकच यंत्र झाले. फाळ जड जमिनीत शिरला की वरचा दांडा दाबला जाई, तो दाब झडपेपर्यंत पोचे, आणि पंपातले तेल नांगर जरासा उचली. ओढीचा भारही अशा रीतीने विभागला जाई की ट्रॅक्टरचे नाक खाली राही. या योजनेचे मूळ पेटंट त्याला १९२६ साली मिळाले. १९३३ साली बेलफास्टमध्ये त्याने काळ्या रंगाचा एक ट्रॅक्टर त्यानुसार बांधला, आणि १९३६ पासून डेव्हिड ब्राउनच्या साह्याने हडर्सफील्डला तसे ट्रॅक्टर विक्रीसाठी तयार होऊ लागले.

१९३८ च्या शरद ऋतूत फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत हेन्री फोर्डच्या दारी गेला. फोर्डने शेतात प्रात्यक्षिक पाहिले. दोघांनी हस्तांदोलन केले आणि करार झाला! कागद नाही, सही नाही. १९३९ च्या जूनमध्ये फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर बाजारात आला आणि पुढच्या आठ वर्षांत असे तीन लाखांवर ट्रॅक्टर बाहेर पडले.

आता या ट्रॅक्टरच्या पोटातले तेल कसे फिरत होते ते पाहिले पाहिजे, कारण आपला विषय तोच आहे. तेल ट्रॅक्टरच्या पोटातच राही, आणि त्याचे काम एकच, मागचे दोन हात उचलणे. खाली येताना औजाराचे स्वतःचे वजन पुरे. झडप बसवली होती पंपाच्या शोषणाच्या बाजूला. काम नसले की पंपाला तेलच मिळत नसे; म्हणून तेल व्यर्थ फिरून तापत नसे. योजना अतिशय सुबक होती, आणि चारी बाजूंनी बंदही होती. जे काम करायचे ते त्या तीन दांड्यांवरच करावे, अशीच तिची बैठक होती.

शेतकऱ्याची गरज मात्र तीन दांड्यांपाशी थांबणारी नव्हती. त्याला ट्रॉली उलटी करून माल ओतायचा होता, पुढच्या बाजूला शेणखत उचलणारे फावडे लावायचे होते. लिफ्टच्या तेलातून नळी काढली तर तेल आधी जाई ते जिथे विरोध कमी तिथे. फावडे उचलायला जावे आणि मागचे रिकामे हातच वर यावेत! शिवाय या ट्रॅक्टरात पंप मागच्या पॉवर शाफ्टवर चाले. क्लच दाबला की पंप थांबे, आणि फावडे अर्ध्यावर लटकत राही. अमेरिकेच्या माळरानावर तर रुंद औजारे मागे ओढून नेत. त्यांना ट्रॅक्टरपासून दूर बसवलेला सिलिंडर हवा होता. १९४० च्या दशकात जॉन डियरने व इतर काही कारखान्यांनी तसे सिलिंडर व झडपा देण्यास सुरुवात केली. तेल ट्रॅक्टरबाहेर पडले ते असे.

इकडे हस्तांदोलनाचा करार मोडला. थोरला फोर्ड बाजूला झाला, नातू गादीवर आला, आणि १९४७ साली फोर्डने फर्ग्युसनला वगळून नवा ट्रॅक्टर काढला. त्यात लिफ्ट मात्र फर्ग्युसनचीच. फर्ग्युसनने १९४८ च्या आरंभी २५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दावा लावला. चार वर्षे खटला चालला आणि १९५२ साली तडजोड झाली. फोर्डने साडेब्याण्णव लाख डॉलर दिले आणि लिफ्टच्या यंत्रणेत बदल करण्याचे कबूल केले.

इथे इतिहासाची गंमत आहे. बदल करणे भाग पडले म्हणून १९५३ च्या फोर्ड ट्रॅक्टरात पंप इंजिनावर आला. आता क्लच दाबला तरी तेल वाहते राहू लागले. बाहेरची औजारे चालवायला नेमके हेच हवे होते. फर्ग्युसनने न्यायालयात आपली बंद वाट राखली, आणि प्रतिपक्षाला खुली वाट शोधावी लागली. त्याच वर्षी फर्ग्युसनने आपला धंदा मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. १९६० साली तो वारला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जॉन डियरने डॅलसला नवे ट्रॅक्टर दाखवले. त्यांत गरजेपुरतेच तेल दाबून देणारा एकच पंप लिफ्ट, ब्रेक, स्टिअरिंग आणि बाहेरचे सिलिंडर, सर्वांना पुरे पडत होता. आपल्याकडे मद्रासेत मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने कारखाना निघाला तोही १९६० मध्येच. त्या तीन दांड्यांची रचना आज आपल्या शिवारातल्या बहुतेक प्रत्येक ट्रॅक्टरवर दिसते.

असो. आपण मिस्त्रीच्या वर्कशॉपात परत येऊ. अण्णांनी तालुक्याहून स्वस्तातला वॉल्व्ह आणला होता. त्याला पंपाकडून येणारे तोंड एक आणि टाकीकडे जाणारे एक. मिस्त्रीने टाकीकडचे तोंड पुढे लिफ्टला जोडले. रिकामी लिफ्ट उठली. सगळ्यांना आनंद झाला. नांगर अडकवला आणि फट् असा आवाज होऊन वॉल्व्हच्या अंगातून तेलाची चिळकांडी उडाली. अण्णा हाताने ती दाबायला धावले, तोच मिस्त्री ओरडला, "हात लावू नगा, अण्णा!" त्याने आधी इंजिन बंद केले. त्या तेलाला दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलो किंवा त्याहून अधिक दाब असतो. बारीक चिरेतून ते सुईसारखे कातडीत शिरते, आणि वरून टोचल्याएवढीच खूण दिसत असली तरी आत बोट गमवायची वेळ येते.

चूक कुठे होती? वॉल्व्हच्या परतीच्या बाजूचे अंग जोर सोसण्यासाठी ओतलेलेच नसते. तिथून तेल निवांत टाकीत जायचे असते. लिफ्टला तेल पुढे पाठवायचे तर त्यासाठी दाब सोसणारे निराळे तोंड लागते आणि परतीचे निराळे. दुसऱ्या दिवशी तसा वॉल्व्ह आला. मिस्त्रीने नळ्यांची तोंडे पुसली, पोटातले तेल तपासले, जॅकमध्ये जाईल तेवढे वर घातले. गिअरचे आणि लिफ्टचे तेल एकच असते. जॅकने ते ओढून घेतले की गिअर कोरडे पडतात. उसन्या औजाराच्या नळीतून आलेली माती सगळ्या पंपात फिरते, हेही त्याने बजावले. त्याने फर्ग्युसनचे नाव कधी ऐकले नसावे; पण तेलाला वाट देण्याआधी तिचा परतीचा मार्ग पाहावा लागतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

संध्याकाळी अण्णांनी लिव्हर ओढला. नांगर उचलला, सावकाश फिरला आणि दुसऱ्या अंगावर बसला. त्याच रात्री त्यांनी वरच्या रानात पहिले तास धरले. चार दिवसांनी वळवाचा पाऊस आला, तेव्हा ते सबंध रान उलथून पडले होते.