एटीजीची पावती

मुंबईत जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झालं तेव्हा हिंदुस्थानात प्राप्तिकरच नव्हता. सर जमशेटजी जिजीभाईंनी त्यासाठी दिलेले पैसे कशातून वजा करायचे, हा प्रश्न कुणाला पडणं शक्य नव्हतं. ते १८५९ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी जेम्स विल्सन यांनी प्राप्तिकर आणला. प्रेमचंद रायचंदांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर यांसाठी मिळून चार लाख रुपये दिले, तेव्हा हा कर चालू होता. देणगीबद्दल सूट मात्र नव्हती. तरीही चार लाख दिलेच.

१८८६च्या कायद्याने धर्मादाय मालमत्तेचं उत्पन्न करातून वगळलं. सुटली ती संस्था. देणाऱ्याच्या पदरी नुसतं पुण्य. दात्याला सवलत मिळायला १९४८ उजाडावं लागलं. त्या साली १९२२च्या प्राप्तिकर कायद्यात १५बी हे कलम आलं. फाळणीतल्या निर्वासितांसाठी पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी निघाला तोही त्याच वर्षी. १९६१च्या कायद्यात ही सवलत कलम ८८मध्ये गेली आणि १ एप्रिल १९६८पासून ८०जीमध्ये. मग पावतीपुस्तक पुढे आलं की लोक विचारू लागले, ‘एटीजी आहे ना?’

या कलमातली निधींची यादी देशावरच्या संकटांच्या बखरीसारखी आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावं भुईसपाट झाली. त्यानंतर कलमात नोंद झाली ती अशी: महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री मदत निधीला १ ते ६ ऑक्टोबर १९९३ या काळात दिलेली रक्कम, किंवा मुख्यमंत्री भूकंप मदत निधीला दिलेली रक्कम. सहा दिवसांसाठी देशाच्या कायद्यात तारखांसकट ओळ! रूक्ष कायद्यात लोकांची त्या आठवड्यातली धावपळ अशी अडकून राहिली.

सरकारचा संशयही याच कलमात वाढत गेला. धान्य, कपडे, ब्लँकेटं दिली तर वजावट नाही, पैसेच हवेत. शेअर दान केलेल्या एका करदात्याला सर्वोच्च न्यायालयानेही १९९१ मध्ये हेच ऐकवलं. रोख देणगीवर आधी दहा हजारांची मर्यादा आली, २०१७मध्ये ती दोन हजारांवर उतरली. २०२१-२२पासून संस्थेला प्रत्येक दात्याचा तपशील प्राप्तिकर खात्याकडे भरावा लागू लागला. पावती फाडून हातात ठेवली की काम झालं, हे दिवस गेले.

एवढं करून हाती काय लागतं? पन्नास टक्के वजावटीच्या संस्थेला दहा हजार दिले तर उत्पन्नातून पाच हजार कमी होतात. वीस टक्क्यांच्या टप्प्यात कर वाचतो हजारभर रुपये. तोही जुनी करप्रणाली निवडली तरच. २०२३-२४पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या प्रणालीत ही वजावट धरलेलीच नाही. तिथे देणगीदार पुन्हा प्रेमचंद रायचंदांच्याच रांगेत.