पेटी भरणारा माणूस

प्रवासाच्या बॅगेतील कपड्यांच्या घड्या आणि त्या घालणारा एक विस्मृतीत गेलेला व्यवसाय, हा आजच्या धाग्याचा विषय. धागा थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

परगावी निघताना हल्ली अनेकजण बॅगेत कपडे सुटे ठेवत नाहीत. चेन लावलेल्या, जाळीदार कापडी कप्प्यांत सदरे वेगळे, मोजे वेगळे असे भरतात आणि ते कप्पे विटांसारखे एकाशेजारी एक रचतात. 'पॅकिंग क्यूब' नावाने विकली जाणारी ही युक्ती अगदी आजची वाटते. पण प्रवासाच्या पेटीतही कपाटासारखी व्यवस्था असावी, ही कल्पना जुनी आहे. तिचा माग घेत गेले की आपण एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये एका कारागिरापाशी पोहोचतो.

या कारागिराला तेथे 'लेयतिए-आंबालर' म्हणत. 'लायेत' म्हणजे हलक्या लाकडाची लहान पेटी किंवा खण. ती घडवणारा तो लेयतिए. आंबालर म्हणजे सामान बांधून देणारा. पेटीही याचीच आणि ती भरण्याचे कामही याचेच, असा हा जोडधंदा होता. मध्ययुगीन फ्रेंच राजांच्या सनदा व तहनामे अशाच लायेतांमध्ये विषयवार लावून ठेवलेले असत. पुण्याचे पेशवे दफ्तर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना येथे 'रुमाल' आठवल्याशिवाय राहणार नाहीत. कागदांचे गठ्ठे कापडात बांधून त्या बासनाला रुमाल म्हणायचे आणि अभ्यासकाने रुमालाच्या क्रमांकाने कागद मागवायचा. तिकडे लाकूड, इकडे कापड. पसारा आवरण्याची बुद्धी मात्र एकच. लायेत या शब्दाचा पुढचा प्रवास तर फारच गोड आहे. नवजात बालकाची टोपरी-झबली अशा छोट्या पेटीत ठेवत. कालांतराने पेटीचे नाव आतल्या कपड्यांनाच चिकटले. आपण ज्याला बाळंतविडा म्हणतो, त्यातील कपड्यांना फ्रेंच भाषेत आजही 'लायेत' हाच शब्द आहे.

आता आपल्या कारागिराकडे वळू. श्रीमंत घरातील बाई गावी जायची असली की याला बोलावणे येई. तो वस्तूंची मापे घेई, त्याप्रमाणे पेट्या बनवी आणि मग त्यांच्याच घरी बसून एकेक वस्त्र हाताने भरी. हे काम सोपे नव्हते. १८५० नंतरच्या दशकात युरोपात क्रिनोलिनची लाट आली होती. पोलादी कड्यांच्या पिंजऱ्यावर पसरणारे ते घेरदार झगे, त्यांवरची लेस, झालरी, रेशमी फुले! एका झग्याला कित्येक मीटर कापड लागे. असे वस्त्र चुरगळले, तर मुक्कामी पोहोचल्यावर ते पुन्हा नेसण्याजोगे करायला दासींना तासन्‌तास खपावे लागे. कोणती घडी कोठे मोडायची, कोठे पातळ कागद घालायचा, जड काय तळाशी आणि नाजूक काय वर, हे सारे ज्ञान त्या माणसाच्या बोटांत असे.

अशाच एका कारखान्यात १८३७ साली सोळा वर्षांचा एक मुलगा उमेदवारीला लागला. फ्रान्सच्या पूर्वेकडील जुरा भागात आन्शे नावाचे खेडे आहे, तेथील गिरणीवाल्याच्या घरातला हा मुलगा. आई लहानपणीच वारली होती. तेराव्या-चौदाव्या वर्षी घर सोडून, वाटेत मिळेल ते काम करीत, सुमारे साडेचारशे किलोमीटर चालत तो दोन वर्षांनी राजधानीत आला होता. पुढे सतरा वर्षे त्याने मारेशाल नावाच्या मालकाकडे काम केले. १८५३ मध्ये तिसऱ्या नेपोलियनचा युजेनीशी विवाह झाला आणि या नव्या सम्राज्ञीचे कपडे भरण्याचे काम त्याच्याकडे आले. १८५४ साली त्याने स्वतःचे दुकान थाटले. नाव अर्थातच तुमच्या परिचयाचे आहे: लुई व्हिटॉन.

इतिहासाच्या वाचकांनी येथे जरा सावध असावे. ही कथा आपल्यापर्यंत मुख्यतः दुकानाकडूनच आलेली आहे. लुईच्या मुलाने, जॉर्जने, १८९४ साली प्रवासी सामानाचा इतिहास सांगणारे पुस्तकही लिहिले. पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आरंभीच्या काळात लुईची जाहिरात होती ती नाजूक वस्तू, विशेषतः उंची पोशाख, सुखरूप बांधून देण्याची. तो आधी सामान भरणारा होता. पेट्यांचा कारखानदार नंतर झाला.

आणि नेमके याच माणसाने पेटीचे रूप पालटले. तोवर प्रवासी पेट्यांची झाकणे घुमटाकार असत. त्यालाही कारण होते: घोडागाडीच्या टपावर किंवा मागे बांधलेल्या पेटीवर पाऊस पडे, आणि पाणी ओघळून जावे म्हणून झाकणाला बाक हवा. आगगाडी आली आणि सामान बंद डब्यात गेले. आता पावसाची भीती उरली नाही, पण जागेची चणचण सुरू झाली. घुमटावर दुसरी पेटी ठेवणार कशी? १८५८ मध्ये व्हिटॉनने सपाट झाकणाची, पॉप्लरच्या हलक्या लाकडाची, पाण्याला न जुमानणाऱ्या करड्या कॅनव्हासने मढवलेली पेटी बाजारात आणली. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळ आनिएर येथे कारखाना उभा राहिला. नकला इतक्या होऊ लागल्या की १८७२ मध्ये पट्ट्यांचे, १८८८ मध्ये चौकटींचे आणि लुईच्या निधनानंतर, १८९६ मध्ये, आद्याक्षरांचे कापड काढावे लागले. ती आद्याक्षरे आज जगभर मिरवली जातात, ती मुळात नकलाकारांच्या त्रासातून जन्मली.

बाहेरच्या आकारापेक्षा आतला बदल मला अधिक रोचक वाटतो. पेटीत एकावर एक बसणारे, उचलून बाहेर काढता येणारे तबकासारखे थर आले. त्यांवर आडव्या फिती आल्या, म्हणजे कपडे हलणार नाहीत. मग आली वॉर्डरोब ट्रंक. ही उभी ठेवायची आणि पुस्तकासारखी उघडायची: एका बाजूला दांडीवर टांगलेले कपडे, दुसऱ्या बाजूला खणांची उतरंड. जहाजाच्या खोलीत सामान काढून लावण्याची गरजच उरली नाही. लेयतिएच्या बोटांतले ज्ञान आता फळ्या, फिती आणि दांड्यांमध्ये उतरले होते. घरी येऊन पेटी भरून देणाऱ्याची गरज ज्या पेटीमुळे उरली नाही, ती घडवण्यात त्याच धंद्यातल्या माणसाचा मोठा वाटा असावा, याचा विचार केला की मी थोडा थबकतो. लुईला हे जाणवले असेल का? तो १८९२ मध्ये वारला, तेव्हा त्याचे नाव पेट्यांसाठीच प्रसिद्ध होते.

१९०१ साली या कंपनीने 'स्टीमर बॅग' काढली. घडी करून मोठ्या ट्रंकेत राहणारी ही मऊ कापडी पिशवी जहाजावरच्या प्रवासात मळलेले कपडे वेगळे ठेवण्यासाठी होती. आजच्या पॅकिंग क्यूबची सख्खी आजी शोधायची झाली, तर मी या पिशवीकडे बोट दाखवीन.

प्रत्येक वस्तूला नेमकी जागा देण्याचा हा छंद आपल्या संस्थानिकांनाही लागला होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या वारंवारच्या परदेशवाऱ्या सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्यासाठी १९२६ मध्ये व्हिटॉनने चहाच्या साहित्याची खास पेटी बनवली होती.

ही सारी व्यवस्था उभी होती ती हमालांच्या पाठीवर. भरलेली वॉर्डरोब ट्रंक उचलायला दोन गडी लागत. विमान आले, वजनाला मर्यादा आली, हमाल दिसेनासे झाले, आणि ट्रंकेबरोबर तिचे खण, फिती नि दांड्याही गेल्या. १९७२ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सुटकेसचे पेटंट मिळाले. सामान ओढणे सोपे झाले, पण आत पाहावे तर एक मोकळी चौकोनी पोकळी. त्या पोकळीतच पुढे कापडी खण परतले. लायेत हलक्या लाकडाची होती, ही नायलॉनची आहे, आणि ती आदल्या रात्री प्रवाशाला स्वतःच भरावी लागते.