बंगळूरचे भोसले : एका कुळाचा शोध

बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागात काडु मल्लेश्वराचे जुने देवालय आहे. त्याच्यालगत एका खडकावर इ. स. १६६९ चा कानडी लेख कोरलेला आहे. मल्लापूरच्या मल्लिकार्जुन देवाच्या पूजेअर्चेसाठी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची ही नोंद असून दाता आहे एकोजी, म्हणजेच शहाजीराजे भोसल्यांचे तुकाबाईपासून झालेले पुत्र व्यंकोजीराजे. वेरूळच्या घराण्यातला पुरुष कानडी मुलखात, कानडी भाषेत दान देतो, तेव्हा स्थलांतराची एक पिढी पुरी झालेली असते.

विजापूरच्या फौजेने १६३८ च्या सुमारास केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या ताब्यात आले. त्यांच्या या दरबारी नाशिककडचा जयराम पिंड्ये हा कवी आला. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त भोसल्यांचे कुळ चितोडच्या सिसोदियांशी जोडलेले आढळते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कवीचा हेतू आश्रयदात्याचा गौरव करण्याचा होता, हे त्याची साक्ष घेताना विसरता येत नाही. मात्र १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी ज्या वंशसंबंधाला एवढे महत्त्व आले, त्याची वाच्यता आधीच बंगळुरात झाली होती, एवढे त्यावरून निश्चित ठरते.

पुढे व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले. १६८७ साली मोगलांनी बंगळूर जिंकले व तीन लाख रुपयांस ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. भोसल्यांचा बंगळूरशी असलेला संबंध तुटला. कुळाची आठवण तंजावरास राहिली. तेथे दुसऱ्या सरफोजीराजांचे दत्तकविधान वादात सापडले होते. १७९८ मध्ये त्यांना गादी मिळाली, तर दुसऱ्याच वर्षी राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. राज्य गेले, तेव्हा कुळ तेवढे उरले. १८०३ साली त्यांनी बृहदीश्वराच्या भव्य देवालयात ‘भोसलेवंशचरित्र’ मराठीत कोरविले. हा भारतातील अतिदीर्घ शिलालेखांपैकी एक होय. ज्याच्या वारसाहक्कावर शंका घेतली गेली, त्याने आपली वंशावळ दगडावर लिहावी, यात नवल ते काय? पण शहाजीराजांनंतर सुमारे दीडशे वर्षांनी लिहिलेल्या या वृत्तान्तात परंपरेची भर पुष्कळ आहे. इतर कागदांशी ताडून पाहिल्याविना तो स्वीकारता येत नाही.

सतराव्या शतकातच फ्रान्समधून कॅनडात जाऊन वसलेल्या घराण्यांचे वंशज आपल्या पूर्वजाचा माग चर्चच्या नोंदवह्यांतून काढतात. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या त्या कोरड्या नोंदींवर पिढ्यांची साखळी उभी राहते. महाराष्ट्रात असे काम तीर्थोपाध्यायांच्या वह्या, वतनाचे कागद आणि दानपत्रे करतात. प्रशस्ती लिहिणाऱ्याला काही सिद्ध करावयाचे असते. दानपत्र लिहिणाऱ्याला फक्त गावाचा हक्क नोंदवावयाचा असतो. म्हणूनच मल्लेश्वरम् येथील कानडी लेख कुळाचे मूळ सांगत नसला, तरी माणूस, स्थळ आणि वर्ष या तिन्हींची खात्री देतो.

मुळाचा वाद अद्याप मिटलेला नाही. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाचा अभ्यास करताना भोसल्यांचा संबंध दक्षिणेतील होयसळांशी जोडला. म्हणजे एक वाट चितोडकडे जाते, तर दुसरी कर्नाटकाकडेच परत येते. या दोन वाटांचा निर्णय होईल तेव्हा होवो. शहाजीराजांच्या अखेरीविषयी मात्र असा वाद नाही. १६६४ च्या जानेवारीत शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. चन्नगिरी तालुक्यातील होदिगेरे येथे त्यांची साधी समाधी आहे. वंशजांनी तंजावरास त्यांच्या कुळाचे चरित्र भिंतभर कोरले; ते स्वतः विसावले आहेत ते कानडी मातीत.