‘प्रभावती’ची अखेर : किनारी आगबोटींच्या युद्धसेवेविषयी एक टिपण

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने मासेमारीचे ट्रॉलर शेकड्यांनी ताब्यात घेऊन त्यांना गस्तीच्या व पाणसुरुंग काढण्याच्या कामी लावले, हे सर्वश्रुत आहे. जड जाळे ओढण्यासाठी ज्या बोटीवर विंच व पोलादी दोर आधीच असतात, तिच्याकडून सुरुंग छाटणारी तार ओढवून घेणे सोपे असते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र असा ताफाच नव्हता. मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ या वाफेच्या ट्रॉलरकरवी मासेमारीचा प्रयोग केला, परंतु तो पुढे चालला नाही. कोळ्यांची होडी शिडावरच राहिली.

१९३९ मध्ये युद्धाला तोंड लागले तेव्हा रॉयल इंडियन नेव्हीजवळ अवघी आठ जहाजे होती. ट्रॉलरांची उणीव भरून काढण्यासाठी नौदलाने किनारी वाहतुकीच्या आगबोटी घेतल्या व त्यांवर तोफा बसविल्या. ‘रत्नागिरी’, ‘नेत्रावती’, ‘सत्यवती’, ‘पार्वती’, ‘प्रभावती’ ही त्यांपैकी काही नावे. त्यांची नावे बदलण्यात आली नाहीत; मागे केवळ ‘एच्. एम्. आय्. एस्.’ ही अक्षरे जोडली गेली. सम्राटाचे हिंदी जहाज ‘पार्वती’ हा शब्दबंध भाषेच्या अभ्यासकाला क्षणभर थांबवील असाच आहे. ही ‘पार्वती’ ३० एप्रिल १९४१ रोजी तांबड्या समुद्रात असाबजवळ सुरुंगावर आदळून बुडाली.

‘प्रभावती’चा अंत याहून विलक्षण होय. १९३३ साली बांधलेली ही ५५६ टनांची बोट डिसेंबर १९४१ मध्ये दोन पडाव घेऊन कराचीकडे निघाली होती. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला एकदोन दिवसच झाले होते आणि जपानी पाणबुड्यांचे भय सर्वत्र पसरले होते. लक्षद्वीपच्या परिसरात ‘ग्लासगो’ या ब्रिटिश क्रूझरला अंधारात एक ठेंगणी, लांबट आकृती दिसली. पृष्ठभागावर आलेली पाणबुडी, असा तिचा अर्थ लावण्यात आला आणि सुमारे सहा हजार यार्डांवरून सहा इंची तोफांचा मारा सुरू झाला. प्रत्यक्षात ती आकृती होती ‘प्रभावती’ची, ती आपल्या पडावांना बिलगून उभी होती. बोट बुडाली, आणि ती स्वपक्षाच्याच तोफांनी.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लहान आगबोट आणि तिच्या कुशीला लागलेले पडाव हे दृश्य कोकणातील बंदरांत नित्याचे होते. जेथे धक्का नव्हता तेथे उतारू व माल पडावांतूनच बोटीवर चढत. कोकणातल्या कोणाही प्रवाशाने ती आकृती बहुधा ओळखली असती. क्रूझरवरील टेहळ्याजवळ त्या आकृतीसाठी शत्रूच्या पाणबुडीवाचून दुसरे नाव नव्हते. त्याला दोष देणे सोपे आहे. पण त्या रात्री चूक डोळ्यांची नसून ओळखीच्या आकृत्यांचा संग्रह तोकडा असल्याची होती, असे माझे मत आहे.

पुढे ट्रॉलरही आले, मात्र मासेमारीतून नव्हे. ब्रिटिश ‘बॅसेट’ नमुन्यावर हिंदुस्थानातच नौदलासाठी ट्रॉलर बांधण्यात आले. १९४१ मध्ये कलकत्त्याला ‘त्रावणकोर’ तयार झाला. नंतरच्यांत ‘बेरार’ आणि ‘नासिक’ ही नावे आढळतात. समुद्राचे वारेही न लागणाऱ्या प्रदेशांची ही नावे सोलापूरकराला गमतीची वाटतील.

१७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाताना बुडालेली ‘रामदास’ बोट मुंबई-कुलाब्याच्या स्मरणात आहे. तीत सहाशेहून अधिक माणसे गेली. ‘प्रभावती’ मात्र नौदलाच्या इतिहासग्रंथांत ओळ-दोन ओळींपुरतीच उरली. युद्धापूर्वी या नौदलातील खलाशी बव्हंशी रत्नागिरी जिल्ह्यातून भरती होत. थडगे नसलेल्या, समुद्रात गेलेल्या चारशेहून अधिक नौसैनिकांची नावे मुंबईच्या इंडियन सेलर्स होममधील स्मृतिग्रंथात रोमन लिपीत नोंदलेली आहेत. इंग्रज कारकुनांच्या कानांतून गाळून आलेल्या त्या लेखनावरून मूळ आडनावे आणि गावे शोधण्याचे काम कोकणातील बोली जाणणाऱ्या विद्यार्थ्याला करता येण्यासारखे आहे.