रक्ताविना जगणारे

कपाशीच्या दिवसांत परभणीकडच्या मुलांच्या हातून बोंडअळ्या चिरडल्या जातात. हिरवट पाणी निघतं आणि वर्गात प्रश्न येतो, "सर, हिला रक्तच नसतं का?" हसून सोडून द्यावा असा हा प्रश्न नव्हे. ॲरिस्टॉटलही इथेच फसला होता. रक्ताचे आणि बिनरक्ताचे अशी त्याने प्राण्यांची वाटणी केली. किडे, खेकडे, गोगलगायी बिनरक्ताच्या गटात गेल्या. लाल दिसेल तेच रक्त! गांडुळाचं रक्त तर लालच असतं, तरी ही वाटणी दोन हजार वर्षं टिकली. १८०१ साली लामार्कने पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे रक्ताऐवजी कण्याकडे लक्ष गेलं. अळीच्या अंगातही द्रव खेळतो, अन्न पोचवतो. प्राणवायू मात्र बारीक श्वासनलिकांतून थेट पेशींपर्यंत जातो.

मग खरोखर बिनरक्ताचा कोण? त्यासाठी आपल्याला मुंबईच्या तळ्यांकडे जावं लागेल. हेन्री जॉन कार्टर हा तिथला कंपनी सरकारचा डॉक्टर. तळ्यांतल्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर १८४९ साली त्याने सविस्तर लेख लिहिला. स्पंज हा प्राणी की वनस्पती, हे तेव्हा सर्वांना पटलेलं नव्हतं. हृदय नाही, रक्त नाही, जागचा हलत नाही! कार्टरने पुढे कार्माईन हा लाल रंग पाण्यात मिसळून स्पंजाला दिला. रंगाचे कण आतल्या सूक्ष्म कप्प्यांत ओढले जाताना दिसले. १८५७ साली त्याने ते प्रसिद्ध केलं. (कार्माईन कोचिनील नावाच्या किड्यापासून करतात, म्हणजे ॲरिस्टॉटलच्या बिनरक्ताच्या गटातल्या प्राण्याकडून लाल रंग!) स्पंज चाबकासारख्या बारीक शेपट्या हलवून अंगातून पाणी खेळवतो. एकही पेशी पाण्यापासून फार दूर नसते. अन्न, प्राणवायू तिथेच मिळतो, मग वाहून न्यायला रक्त कशाला?

उन्हाळ्यात तळं आटलं की स्पंज मरतो, पण खसखशीहून बारीक दाणे मागे ठेवतो. पावसाळ्यात त्यांतून नवा स्पंज उगवतो. कार्टरच्या नावाची एक जात आजही पुस्तकांत आहे.

हिवाळ्यात गंगाखेडला गोदावरीकाठी किंवा जवळच्या तलावावर मुलांना न्या. बुडालेल्या काटक्या आणि दगडांच्या खालच्या बाजू तपासा. खरबरीत, हिरवट किंवा करड्या खपलीचा तुकडा आढळला तर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. स्पंज असेल तर काचेसारख्या सुया दिसतील. हातात मात्र चोळू नका, खाज सुटते.