दारू आधी की मन आधी?

बसदीच्या पाठशाळेत आम्ही सप्तव्यसनांची नावं तोंडपाठ म्हणायचो. मद्याचं नाव घेताना आवाज उगाच चढा व्हायचा, कारण घरात त्याविषयी बोलायचं नसे. माझे धाकटे काका पीत होते. बेळगावच्या जैनाच्या घरात असलं काही असतं, हे कबूल करायचं तर पोरींच्या सोयरिकी मोडायच्या. आज्जी विचारणाऱ्याला सांगायची, "पोटाचं दुखणं हाय त्याचं."

१९७८ च्या सुमारास काकी त्यांना एका मनोविकारांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. झोप नाही, भिंतीकडे तोंड करून बसतात, मरणाच्या गोष्टी करतात. तिथं सांगितलं, आधी दारू सुटू दे, मग मनाचं बघू. दारू सोडवणाऱ्यांकडे गेल्या तर ते म्हणाले, हा मनाचा आजार, तो आधी बघून या. काकी दोन चिठ्ठ्या घेऊन घरी आल्या. काका पुढं तीन वर्षं जगले.

आता वाटतं, दोघांचंही अर्धं खरं होतं. दारूनेही माणूस उदास होतो, आणि उदास माणूस दारूकडेही वळतो. दारू थांबल्यावर काहींची उदासी काही आठवड्यांत ओसरते, काहींची नाही. यातलं कुठलं, हे कळायला एकाच माणसाने दोन्हींकडे लक्ष ठेवावं लागतं. शिवाय रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातापायाला कंप, भास, झटकेसुद्धा येतात. "मनावर घे आणि सोड" म्हणून भागत नाही. हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

ही दारं जोडण्यात बायकांचा हात मोठा आहे. चेन्नईत शांती रंगनाथन यांचे पती दारूपायी गेले, आणि त्यांनी १९८० मध्ये व्यसनमुक्तीची संस्था काढली. पुण्यात 'गर्द'वरची अनिल अवचटांची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला 'मुक्तांगण' सुरू झालं. ते उभं राहिलं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, कारण डॉ. अनिता अवचट तिथंच मनोविकारतज्ज्ञ होत्या. येरवडा म्हटलं की आपल्याकडे लोक हसतात. पण व्यसनाचे उपचार आणि मनाचे डॉक्टर एका आवारात आले ते तिथंच. पुढं तिथं 'सहचरी' नावाने बायकांचा वेगळा गट झाला. नवऱ्याला सांभाळता सांभाळता खचलेलीलाही बोलायला जागा हवी, हे तिथं ओळखलं गेलं.

भरती होऊन महिनाभर राहणं मात्र प्रत्येकाला जमत नाही. दुकान कोण उघडणार? म्हणून मला गोव्याची गोष्ट जवळची वाटते. तिथल्या 'संगाथ' संस्थेने दहा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बाहेरून येणाऱ्या रुग्णांवर दोन छोटे समुपदेशन कार्यक्रम तपासले, एक उदासीसाठी आणि एक दारूसाठी. बोलायला बसणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली गावचीच माणसं होती. दारूच्या चाचणीत ३७७ पुरुष होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. फरक दहाचा. मोठा नाही, आणि दारू पुरती अंगात भिनलेल्यांसाठी ही योजना नव्हतीच. काका त्यात बसले असते का? १९७८ ला नसते. दहा वर्षं आधी, कदाचित.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मनोविकारांना मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतलं. कागदावर दार एक झालं. तालुक्याच्या दवाखान्यात मात्र अजूनही कधी कधी दोन चिठ्ठ्या मिळतात.

हे सगळं काकींना वाचून दाखवलं. त्या शेंगा निवडत होत्या. आकड्यांचं त्यांना काही वाटलं नाही. 'सहचरी'पाशी हात थांबला. "बायकांना एकटं आत बोलवत्यात काय गं?"

"होय काकी."

"मग काय इचारत्यात?"