गावनमुने आणि वस्तु-संबंध रूपांतर : अंजनगाव सुर्जीच्या संदर्भात एक विचार

अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासाच्या अभ्यासकास दौलतराव शिंदे व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या तहामुळे परिचित आहे. त्याच महिन्यात नागपूरकर भोसल्यांशी झालेल्या देवगावच्या तहान्वये वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे गेले. १८५३ मध्ये त्याचा कारभार इंग्रजांकडे आला, १९०३ मध्ये ते मध्य प्रांतास जोडले गेले, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. राज्यकर्ते इतक्या वेळा पालटले, तरी जमिनीची नोंद ठेवण्याचे काम खंडित झाले नाही. नोंद ही तिच्या लेखकाहून व लेखनसाधनाहून दीर्घायुषी असते, हा या इतिहासाचा बोध होय. संकेतस्थळाच्या उभारणीसाठी ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंगची, म्हणजे वस्तु-संबंध रूपांतराची, लायब्ररी निवडताना या बोधाचे महत्त्व विशेष जाणवते.

या लायब्ररींची गरज दोन स्वतंत्र विचारपरंपरांतून निर्माण झाली. नॉर्वेतील दाल व नायगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेने प्रोग्रामची रचना वस्तूंच्या स्वरूपात करण्याचा पायंडा पाडला. त्यानंतर १९७० मध्ये आयबीएममधील एडगर कॉड यांनी माहितीची मांडणी संबंधांच्या, म्हणजे ओळी व स्तंभ असलेल्या तक्त्यांच्या, रूपाने करावी असे प्रतिपादन केले. एका परंपरेत वस्तू दुसऱ्या वस्तूस हाताशी धरून असते. दुसरीत दोन तक्ते केवळ समान क्रमांकाने जुळतात. हे अंतर कोणी व कसे सांधावे, हाच मूळ प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील गावनमुन्यांत या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट दिसते. गावनमुना ७ हा जमिनीच्या क्रमांकावरून लिहिला जातो, तर ८-अ हा खातेदारावरून. एका खातेदाराची अनेक शेते असतात आणि एका शेताचे अनेक सहधारक असतात. प्रत्येक नावासोबत क्षेत्र व फेरफार क्रमांकही असतो. प्रोग्राममध्ये ‘खातेदाराची शेते’ व ‘शेताचे खातेदार’ अशा दोनच याद्या ठेवल्या, तर क्षेत्र व फेरफार क्रमांक यांस जागाच उरत नाही. त्यांच्यासाठी ‘धारणा’ ही तिसरी वस्तू मानावी लागते. लायब्ररी कोणतीही असो, हा विचार आधी झाला पाहिजे.

मार्टिन फाउलर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रूपांतराच्या दोन प्रमुख पद्धतींस नावे दिली. ‘अॅक्टिव्ह रेकॉर्ड’ पद्धतीत तक्त्यातील एक ओळ म्हणजे एक वस्तू, आणि ती स्वतःच स्वतःस साठवते. २००४ मधील रेल्स व २००५ मधील जँगो यांची लायब्ररी या वळणाची आहे. ‘डेटा मॅपर’ पद्धतीत वस्तू व तक्ता यांच्यामध्ये तिसरा मध्यस्थ असतो. २००१ मधील हायबरनेट व २००६ मधील एसक्यूएलअल्केमी या दुसऱ्या वर्गात मोडतात. पहिली पद्धत शिकण्यास सुलभ. दुसरीत श्रम अधिक, परंतु तक्त्याची रचना प्रोग्रामच्या सोयीपासून अलिप्त ठेवता येते.

या निवडीचे गांभीर्य वारसनोंदीच्या उदाहरणावरून कळते. खातेदार मृत झाल्यावर सातबाऱ्यावरील त्याचे नाव खोडले जात नाही. त्यास कंस करून फेरफार क्रमांकाच्या आधारे वारसांची नावे दाखल होतात. कंसातील नाव हा हक्काच्या परंपरेचा पुरावा असतो. उलट अनेक लायब्ररींत मूळ वस्तू काढून टाकताच तिच्या अवलंबित ओळीही पुसून टाकण्याची सोय असते. जँगोमध्ये तर २०१७ च्या २.० आवृत्तीपर्यंत, वेगळे काही न सांगितल्यास, असेच घडत असे; त्या आवृत्तीपासून याबाबतचा निर्णय स्पष्टपणे लिहिणे बंधनकारक झाले. प्रोग्रामच्या दृष्टीने जी स्वच्छता, ती अभिलेखाच्या दृष्टीने पुराव्याचा नाश ठरू शकते.

दुसरी अडचण वेगाची आहे. पाचशे खातेदारांचे ८-अ काढताना खातेदारांची यादी एका प्रश्नाने मिळते. पण प्रत्येकाची शेते लायब्ररी स्वतंत्रपणे विचारू लागल्यास एकूण प्रश्न ५०१ होतात. जोडणी करून हीच माहिती एक-दोन प्रश्नांत मिळते. म्हणून लायब्ररी पडद्याआड कोणते प्रश्न विचारते, ते पाहता व बदलता आले पाहिजे. तसेच दोन कर्मचाऱ्यांनी एकच नोंद एकाच वेळी बदलल्यास पहिल्याचा बदल नकळत नष्ट होऊ नये, यासाठी आवृत्ति-क्रमांकाची तपासणी आवश्यक असते.

अंजनगाव परिसरातील पानमळे वा पानपिंपरी यांच्या उत्पादकांची साधी नोंदणी करावयाची असेल, तर अॅक्टिव्ह रेकॉर्ड पुरेसे आहे. तेथे मध्यस्थाचा भार घेण्याचे कारण नाही. परंतु जेथे नोंद पिढ्यान्‌पिढ्या टिकावयाची असते, तेथे तक्त्यांची रचना प्रथम निश्चित करून तिच्यापुढे नमते घेणारी लायब्ररी निवडणे श्रेयस्कर होय. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, म्हणजे नोंदीचे साधन पुन्हा एकदा पालटले. आजचा प्रोग्रामही कालांतराने मागे पडेल. कंसातील नाव मात्र तेव्हाही वाचता आले पाहिजे.